वरातीमागून आलेला रिपोर्ट

परवा दादाच्या श्राद्धाला साताऱ्याला जाऊन आले. जेवणं झाली, पुरुष मंडळी ओटीवर लवंडली, आणि आम्ही बायका माजघरात सुपारी कातरत बसलो होतो. ठाण्याच्या मावशीने नेहमीप्रमाणे सुस्कारा सोडला आणि नेहमीचंच वाक्य टाकलं. "त्या कणगीतल्या जुन्या ज्वारीनेच घात केला गं. ती उपसायला नको होती त्या वर्षी."

वहिनी ताटं उचलत होत्या. काही बोलल्या नाहीत. ताटं घेऊन आत गेल्या आणि बराच वेळ मोरीतून नळाचा आवाज येत राहिला.

मावशीचं वय पंच्याऐंशी. तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. पण हे वाक्य मी २०१८ पासून ऐकते आहे. कधी मावशी म्हणते, कधी दुसरं कोणी, आणि सगळ्यात वाईट म्हणजे रात्री उशिरा फोनवर वहिनी स्वतःच म्हणतात. म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढायचं ठरवलं. हा ब्लॉग आमच्या घरचे निम्मे लोक वाचतात (कॉमेंट मात्र करत नाहीत, फोन करतात!), तेव्हा इथेच लिहिते. ज्यांना आमच्या घरच्या भानगडींत रस नाही त्यांनीही वाचावं, कारण पुढचा भाग कुणाच्याही घरी उपयोगी पडेल. पडू नये, पण पडेल.

तर, २०१८ च्या जुलैत दादाला रक्ताचा कर्करोग निघाला. अक्यूट मायलॉइड ल्युकेमिया. वय चौसष्ट, थोडी साखर, बाकी तब्येत दणदणीत. पुण्यातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात केमो सुरू झाली. या आजारातली केमो म्हणजे आधी सगळं शेत जाळायचं आणि मग नवं उगवायची वाट बघायची. मधल्या दोनतीन आठवड्यांत अंगात पांढऱ्या पेशी जवळपास नसतातच. डॉक्टर याला "काउंट खाली गेलेत" म्हणतात. ऐकायला शेअर बाजारातलं वाटतं, पण त्या दिवसांत माणूस दारं-खिडक्या नसलेल्या घरासारखा असतो.

अकराव्या दिवशी ताप आला. अँटिबायोटिक्स सुरू झाली, बदलली, पुन्हा बदलली. पाच दिवस झाले तरी ताप हटेना. सीटी स्कॅन काढला तर उजव्या फुप्फुसात वरच्या बाजूला एक डाग आणि त्याच्याभोवती धुरकट कडा. तेव्हा पहिल्यांदा "फंगल वाटतंय" हे शब्द कानावर आले. फंगल म्हणजे बुरशी. माझ्या डोळ्यापुढे शिळ्या पावावरची हिरवट लव आली. माणसाच्या फुप्फुसात तशी बुरशी वाढते ही कल्पनाच करवेना.

"कुठली बुरशी?" मी विचारलं. मास्तरकीची सवय.

तिथला तरुण रेसिडेंट डॉक्टर थकलेला होता, पण सरळ होता. म्हणाला, "मॅडम, बहुतेक अस्परजिलस. याच पेशंटमध्ये तीच जास्त होते. खात्री करायची तर फुप्फुसात नळी घालून पाणी काढावं लागेल, नाहीतर तुकडा. यांचे प्लेटलेट बारा हजार आहेत. आत रक्तस्राव झाला तर थांबवता येणार नाही."

म्हणजे औषध सुरू झालं ते अंदाजाने. व्होरिकोनाझोल. औषध चांगलं, महाग, आणि त्याचा एक चमत्कारिक दुष्परिणाम दादाला झाला. त्याला भिंतीवर मुंग्यांची रांग दिसायची. "बघ, साखर सांडली असेल कुणीतरी," म्हणायचा. रक्तातली गॅलॅक्टोमॅनन नावाची चाचणी दोनदा झाली, दोन्हीदा निगेटिव्ह. आम्हाला वाटलं, बरं झालं. ताप मात्र तसाच.

आठ दिवसांनी डाग दुप्पट झाला. मग प्लेटलेटच्या पिशव्यांवर पिशव्या चढवून, धोका पत्करून, ब्रॉन्कोस्कोपी केली. संध्याकाळी तिथल्या मायक्रोबायॉलॉजीच्या बाईंनी सूक्ष्मदर्शकाखाली रुंद, फितीसारखे, जवळपास काटकोनात फाटे फुटलेले धागे पाहिले आणि वॉर्डात फोन केला. अस्परजिलस नव्हे, म्यूकरच्या कुळातली बुरशी. व्होरिकोनाझोल या कुळाला लागूच पडत नाही. आणि गॅलॅक्टोमॅनन ही त्या बुरशीत सापडणारी वस्तूच नव्हे, त्यामुळे चाचणी निगेटिव्ह येणारच होती. आठ दिवस आम्ही देवाला नारळ बोलत होतो आणि औषध भलत्याच चोराच्या मागे धावत होतं.

त्याच रात्री अँफोटेरिसिन सुरू झालं. त्या पाण्यातून लॅबमध्ये काहीही उगवलं नाही. नमुन्याचा एक भाग पीसीआर चाचणीसाठी दुसऱ्या शहरात गेला होता, त्याचा रिपोर्ट नवव्या दिवशी आला. त्यात बुरशीचं नाव होतं, रायझोपस. उत्तर अगदी बरोबर होतं. पण आलं ते वरातीमागून.

दादा या बुरशीने गेला नाही, हे नातेवाईक विसरतात. ऑक्टोबरात फुप्फुसाचा तेवढा भाग काढला, तो घरी आला, झोपाळ्यावर बसून क्रिकेट बघायला लागला. पण या सगळ्यात केमोचा पुढचा कोर्स लांबला. मूळ आजार उलटला आणि २०१९ च्या पावसाळ्यात तो गेला. कोर्स वेळेवर झाला असता तर? मला माहीत नाही, आणि कुणालाच कळणार नाही.

आता पीसीआरबद्दल. २०१८ मध्ये हा शब्द आमच्या घरात कुणी ऐकला नव्हता, २०२० नंतर वाण्यालाही माहीत झाला. पण काठीला कापूस गुंडाळून नाकात घालणं म्हणजे पीसीआर नव्हे. कल्पना करा, वाड्यात पोथ्यांचा ढीग आहे आणि त्यात एका विशिष्ट ओळीचं एकच चिटोरं आहे. वाचून शोधायला जन्म जाईल. त्याऐवजी तुम्ही असं यंत्र लावता की ती ओळ सापडली तरच तिची प्रत निघते. एकाच्या दोन, दोनाच्या चार, चाराच्या आठ. तीस फेऱ्यांत एकाच्या शंभर कोटींहून जास्त प्रती होतात. ओळ नसेल तर काहीच होत नाही. ही युक्ती कॅरी म्युलिस यांना १९८३ मध्ये सुचली आणि १९९३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

मग बुरशीसाठी ही चाचणी इतकी वर्षं मागे का राहिली? वाचत गेले तसं कळत गेलं, आणि इथे मला खरंच मजा आली (दुःखातही मास्तरणीला मजा येते, काय करणार). एक तर बुरशीची भिंत. कायटिन आणि ग्लुकन यांची ही तटबंदी जीवाणूंपेक्षा कितीतरी चिवट असते. आतला डीएनए बाहेर काढायला नमुना बारीक मण्यांबरोबर घुसळून काढावा लागतो. दुसरं, रक्तात तो डीएनए असतो अगदी चिमूटभर. तिसरं म्हणजे अस्परजिलसचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात, लॅबच्या हवेतसुद्धा. इतकी तल्लख चाचणी की टेबलावर उडून आलेला बीजाणूही पकडेल. आणि वर प्रत्येक लॅबची रीत वेगळी. कुणी अख्खं रक्त घेतं, कुणी गोठल्यानंतरचा द्रव, कुणी प्लाझ्मा. प्रत्येकाचा रिपोर्ट आपापल्या परीने खरा.

म्हणून २००६ मध्ये युरोपातल्या लॅबवाल्यांनी एकत्र येऊन हे सगळं एका मापात आणायचं काम हाती घेतलं. तेच नमुने सगळ्यांकडे पाठवायचे आणि कुणाचं उत्तर का चुकतं ते बघायचं. कंटाळवाणं, बिनवलयाचं काम. युरोप-अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी २००८ मध्ये आक्रमक बुरशी संसर्गाच्या ज्या व्याख्या सुधारल्या त्यांत पीसीआरला जागा नव्हती. २०२० च्या आवृत्तीत अस्परजिलसच्या पीसीआरला ती मिळाली, तीही अटी घालून. रक्तात लागोपाठ दोनदा पॉझिटिव्ह हवी, किंवा फुप्फुसातल्या पाण्यात दोनदा, किंवा दोन्हीकडे एकेकदा. म्यूकरच्या रक्तातल्या पीसीआरला मात्र तेव्हाही बाहेरच बसवलं. फ्रान्समधल्या संशोधकांनी पेशंटांच्या साठवलेल्या रक्तद्रवात या कुळाचा डीएनए शोधला तेव्हा तो निदान होण्याच्या कितीतरी दिवस आधीपासून तिथे सापडला होता. २०२२ मध्ये अनेक हॉस्पिटलांत मिळून केलेल्या त्यांच्या अभ्यासातही तेच दिसलं. हे मी वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. दादाचं रक्त रोज सकाळी सहाला काढत होते.

"दोनदा पॉझिटिव्ह" ही अट का, हे समजून घेण्यासारखं आहे, आणि तीस वर्षं संख्याशास्त्र शिकवलेल्या बाईला एवढा एक परिच्छेद माफ करा. २०१९ मध्ये कोक्रेनच्या आढाव्यात रक्तावरच्या अस्परजिलस पीसीआरचे आकडे साधारण असे निघाले: एकदाच पॉझिटिव्ह धरली तर चाचणी आजारी शंभरांपैकी ऐंशींना पकडते आणि निरोगी शंभरांपैकी ऐंशींना सोडते. दादासारखे शंभर पेशंट घ्या. त्यांतल्या दहांना खरंच ही बुरशी आहे असं हिशेबापुरतं धरू. दहांतले आठ सापडतील, दोन निसटतील. उरलेल्या नव्वदांपैकी अठरांवर उगाच आळ येईल. म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्या सव्वीसांपैकी खरे आठच! आता उलट बाजू बघा. निगेटिव्ह आले चौऱ्याहत्तर, त्यांत खरंच आजार असलेले फक्त दोन. म्हणजे ही चाचणी "आहे" म्हणते तेव्हा फारसं मनावर घ्यायचं नाही, पण "नाही" म्हणते तेव्हा ऐकायचं. दोनदा पॉझिटिव्ह मागितली की आळ घेणं खूप कमी होतं, पण त्याबरोबर खरे आजारीही जास्त निसटतात. फुकट काहीच मिळत नाही.

ऑस्ट्रेलियात सहा केंद्रांत २४० पेशंटांवर एक प्रयोग झाला, तो २०१३ मध्ये छापून आला. निम्म्यांना नेहमीची पद्धत, निम्म्यांना गॅलॅक्टोमॅनन आणि पीसीआर ठरावीक दिवसांनी. नेहमीच्या गटात ३२ टक्के पेशंटांना अंदाजाने बुरशीचं औषध द्यावं लागलं, चाचण्यांच्या गटात १५ टक्के. मृत्यूंच्या प्रमाणात फरक पडला नाही. माझ्या एका डॉक्टर भाच्याने हा आकडा दाखवून विचारलं, "मग उपयोग काय, आत्या?" मी म्हटलं, अरे, निम्म्या लोकांना नको असलेलं औषध मिळालं नाही, त्यांच्या भिंतीवर मुंग्या चालल्या नाहीत, त्यांच्या मुलांनी दागिने मोडले नाहीत, आणि तरी जास्त माणसं दगावली नाहीत. हा उपयोग नव्हे?

माझं म्हणणं एवढंच आहे. जिथे ल्युकेमियाची केमो देतात, अस्थिमज्जा बदलतात, तिथे ही चाचणी हाताशी हवी, त्याच आवारात किंवा निदान त्याच शहरात, आणि उत्तर दोन दिवसांत हवं. नऊ दिवसांनी येणारी पीसीआर ही निदानाची चाचणी राहत नाही, ती फाइलला लावायची पुरवणी होते. यंत्रं नाहीत हे कारण आता ऐकून घ्यायचं नाही. २०२० मध्ये कितीतरी जिल्ह्यांत पीसीआरची यंत्रं बसली. क्षयासाठी गोव्यात तयार झालेलं ट्रूनॅट बॅटरीवर चालतं आणि आरोग्य केंद्रात ठेवता येतं. बुरशीसाठी ते जसंच्या तसं चालेल असं मी म्हणत नाही, मण्यांबरोबर घुसळण्याची कटकट आहेच. पण कोंबडी आणि अंड्याचा खेळ असा की चाचणी मागितली जात नाही म्हणून लॅब ठेवत नाही, आणि लॅबमध्ये नाही म्हणून डॉक्टर मागत नाहीत.

पण पीसीआर म्हणजे रामबाण, असं मला कुणाच्या तोंडी घालायचं नाही. एक तर ही चाचणी हाक मारून शोधते. ज्याचं नाव घ्याल तोच ओ देणार. दादाच्या रक्तावर अस्परजिलसची पीसीआर केली असती तर तीही निगेटिव्ह आली असती, आणि आम्ही पुन्हा नारळ फोडला असता. आपल्याकडे मधुमेहामुळे म्यूकर पाश्चात्त्य देशांपेक्षा बरीच जास्त आहे, तेव्हा इथे दोन्ही नावांनी हाका मारायला हव्यात. दुसरं, पेशंटला आधीपासून बुरशीप्रतिबंधक गोळ्या चालू असतील तर रक्तातली चाचणी मंदावते. आणि तिसरं, त्या मायक्रोबायॉलॉजीच्या बाई. दादाला जे काही दिवस जास्त मिळाले ते त्यांच्या डोळ्यांमुळे, कुठल्या यंत्रामुळे नव्हे. असे डोळे तयार व्हायला वर्षं लागतात. यंत्र आलं म्हणून ती खुर्ची रिकामी करू नये.

न्यूमोसिस्टिस नावाच्या आणखी एका फुप्फुसाच्या बुरशीची गोष्ट तर और आहे. एड्सची पहिली चाहूल लागली ती तिच्यामुळे. १९८१ च्या जूनमध्ये लॉस एंजेलिसच्या पाच तरुणांची नोंद छापून आली ती याच न्यूमोनियाची. तेव्हा तिला बुरशी म्हणतही नसत, एकपेशीय प्राणी समजत. १९८८ मध्ये तिच्या रेणूंची जुळणी केली तेव्हा कळलं की ही तर बुरशी! ती नेहमीच्या लॅबमध्ये उगवतच नाही, त्यामुळे तिच्यासाठी पीसीआर फारच कामाची. पण तिथेही अडचण आहेच. काहींच्या फुप्फुसात ती नुसती पाहुणी म्हणून राहते, काही करत नाही, आणि चाचणी तिलाही दाखवते. म्हणून किती आहे ते मोजावं लागतं.

डॉक्टरांचं चुकलं का? मला खूप जण विचारतात, आणि त्यांना "हो" ऐकायचं असतं. मी पुन्हा पुन्हा हिशेब केला आहे. हातात जे होतं त्यावर अस्परजिलस धरणं हा वाजवी डाव होता. राग आहे तो दुसऱ्याच गोष्टीचा. तो डाव आहे हे आम्हाला त्या रेसिडेंटखेरीज कुणी सांगितलं नाही. केसपेपरवर "फंगल न्यूमोनिया" असं ठसठशीत लिहिलेलं होतं आणि आम्ही ते निदान समजलो. "अंदाज" असं लिहिलं असतं तर मी तिसऱ्या दिवशी विचारलं असतं की दुसरी कुठली असू शकते. डॉक्टरांनी ऐकलं असतं की नाही ते सोडा, विचारलं तर असतं.

२०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर म्यूकर घराघरांत पोचली. महाराष्ट्र आणि गुजरातेत सगळ्यात जास्त. त्यातली बहुतेक नाका-डोळ्यांची होती, पण नाव तेच. टीव्हीवर दिवसभर "काळी बुरशी", अँफोटेरिसिनच्या कुप्यांसाठी रांगा. त्या मे महिन्यात वहिनींना किती फोन आले असतील! "दादांना हेच झालं होतं ना हो?" आणि मग हळूच, "म्हणजे बुरशी घरात कुठून आली म्हणायची?" तेव्हापासून कणगीची गोष्ट पक्कीच झाली.

म्हणून आता कणगीचं. रायझोपस ही पावावरचीच बुरशी. तिचे बीजाणू मातीत असतात, पालापाचोळ्यात असतात, धान्यात असतात, आणि हवेत. तुम्ही हे वाचताना घेतलेल्या श्वासातही कुठली ना कुठली बुरशी असणार. आपल्या पेशी त्यांना गिळून टाकतात आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. दादाने चौसष्ट वर्षं ते श्वास घेतले. कणगी उपसली जूनमध्ये, तेव्हा आजाराचं निदानही झालं नव्हतं. बीजाणू त्या दिवशी आला, की हॉस्पिटलशेजारी नव्या इमारतीचं खोदकाम चालू होतं तिथून आला, की पुण्याला जाताना गाडीची काच खाली होती तेव्हा आला, हे सांगणारी चाचणी आमच्या वेळी कुणी केली नाही आणि आज करायला काही उरलेलं नाही. त्या नवव्या दिवशीच्या रिपोर्टवर बुरशीचं नाव आहे. गावाचं नाव नाही, आणि माणसाचं तर नाहीच नाही.

मावशी, तू हे वाचणार नाहीस, पण तुझी सून वाचते. तिने तुला वाचून दाखवावं. पुढच्या श्राद्धाला ज्वारीचा विषय निघाला तर मी पानावरून उठेन, आधीच सांगून ठेवते.

वहिनींकडे कॉम्प्युटर नाही आणि मोबाइलवरचं बारीक त्यांना दिसत नाही. पुतण्याला सांगितलं आहे, मोठ्या टायपात छापून दे म्हणून. त्यातला टक्केवारीचा परिच्छेद गाळू का, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, नको, राहू दे. त्या मॅट्रिकला गणितात पहिल्या आल्या होत्या.